राजाची वखार, आमची वखार

आमच्या घरात तंबाखू कुणी खात नव्हतं, ओढतही नव्हतं. कांदा-लसूण नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. आणि तरीही आमच्या ताटातला प्रत्येक घास तंबाखूचा होता. लग्न होऊन मी बेळगावहून निपाणीला आले, त्या पहिल्याच दिवशी मला ओळीनं वीसेक शिंका आल्या. घरामागं वखार होती. दुपारी चाळण सुरू झाली की जो खाट उठायचा, तो स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत जायचा. सासूबाई म्हणाल्या, "होतंय हळूहळू. नाकाला सवय लागली की काय वाटत न्हाई." खरंच सवय लागली. चाळणीवर बसलेल्या बायकांना मात्र सवय लागून खोकला थांबत नव्हता, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. ती बेळगावात कॉमर्सला आहे. गेल्या वर्षी सुट्टीत आली आणि पुस्तक पुढं करून म्हणाली, "आज्जी, एन्ट्रेपो ट्रेड म्हणजे काय ग? सरकारी कंपन्यापण असला व्यापार करतात म्हणं."

मी काही कॉमर्स शिकलेली नाही. पण माझ्या वडिलांचं बेळगावात आडतीचं दुकान होतं. मी तिला म्हटलं, "तुझ्या पणजोबांच्या दुकानात ये. देशावरनं गूळ आला, मिरची आली. दारात उतरली. आपण ती पेरली न्हाई, कांडली न्हाई, खाल्ली न्हाई. तीच पोती दुसऱ्या गाडीत चढली आणि कोकणात, गोव्यात गेली. मधे उभं राहिल्याचे पैसे आपले. एका देशाचं बंदर दोन देशांच्या मधे असं उभं राहिलं, माल उतरवून घेऊन तसाच पुढं विकायला लागलं, की झाला तुझा एन्ट्रेपो." तिला पटलं. मला मात्र प्रश्न चिकटला. मधे उभं राहणारा व्यापारी असेल तर समजतं. मधे राजाच उभा राहिला तर? आणि आपल्या या मुलखात तसं कधी झालं होतं का?

झालं होतं. एकदा नाही, अनेकदा. आणि त्याची वाट आपल्या बेळगाववरून, आपल्या निपाणीवरून गेली होती.

सुरुवात आपल्याच देवळापासून करते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. छताला उलटं लटकलेलं ते दगडी कमळ बघत आपण मान दुखेपर्यंत उभ्या राहतो. ही बसदी १२०४ च्या सुमारास रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बिचिराज यानं बांधवली. तेव्हा बेळगावचं नाव वेणुग्राम. त्या काळचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात बसदीसाठी ज्यांनी आपल्या मालावर आपणहून देणगी लावून घेतली, त्यांत लाट देशाचे, म्हणजे गुजरातकडचे, आणि मलयाळ देशाचे, म्हणजे केरळकडचे व्यापारी आहेत. आठशे वर्षांपूर्वी वेणुग्राम ही अशी दूरदूरच्या लोकांची पेठ होती. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तिथं व्यापार करणारे व्यापारी होते आणि राज्य करणारा राजा होता. राजा जकात घेई, व्यापारी दान देई. राजा स्वतः तराजू घेऊन बसलेला नव्हता.

तराजू घेऊन बसलेला राजा आला तो समुद्राकडून.

१५१० साली अल्फान्सो द आल्बुकर्क यानं आदिलशहाकडून गोवा घेतलं. आपल्याला शाळेत शिकवलं की पोर्तुगीज धर्म आणि राज्य घेऊन आले. ते खरंच. पण पोर्तुगालचा राजा हा आधी दुकानदार होता, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. लिस्बनमध्ये राजवाड्याजवळच 'काझा द इंडिया', म्हणजे 'इंडियाचं घर' नावाची राजाची कोठी होती. हिंदुस्थानातून येणारी मिरी तिथं राजाच्या नावानं उतरायची आणि राजाच्या भावानं विकली जायची. पुढं ती बेल्जियममधल्या अँटवर्पला जाई. तिथंही राजाचीच पेढी होती. १५०८ पासून चाळीसेक वर्षं त्या पेढीतून मिरी सगळ्या उत्तर युरोपात जात होती. म्हणजे मिरी पिकायची मलबारात, खायचा जर्मन माणूस, आणि मधल्या दोन्ही वखारी राजाच्या. फ्रान्सचा राजा त्याला चेष्टेनं 'किराणावाला राजा' म्हणायचा असं सांगतात.

गोव्यात मिरीपेक्षा वेगळा माल महत्त्वाचा होता. घोडा. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही, आणि घोड्याशिवाय लढाई नाही. विजयनगरला घोडे हवे होते, आदिलशहालाही हवे होते. घोडे अरबस्तानातून आणि इराणकडून होर्मुझच्या बंदरातून यायचे. पोर्तुगीजांनी हुकूम काढला की घोड्यांची जहाजं गोव्यालाच आली पाहिजेत. दुसऱ्या बंदरात गेलं तर जहाज धरायचं.

१५६७ साली सीझर फ्रेडरिक नावाचा व्हेनिसचा एक व्यापारी गोव्याहून विजयनगरला गेला. त्याच्याबरोबर दोन व्यापारी होते आणि त्यांचे तीनशे अरबी घोडे होते. त्यानं जकातीचा नियम लिहून ठेवलाय तो वाचून मी हसले, कारण असला हिशोब मी आमच्या पेठेत ऐकलेला होता. घोडा गोव्यात आत येताना जकात नाही. उलट ज्या जहाजात वीस घोडे असतील, त्या जहाजातल्या बाकीच्या मालालाही माफी. घोडे नसतील तर शेकडा आठ. आणि घोडा गोव्यातून बाहेर, घाटाकडं निघाला की मात्र दर घोड्यामागं ४२ पगोडे, म्हणजे सोन्याचे होन. आत येणाऱ्याला दार उघडं, बाहेर जाणाऱ्याला दार बंद, आणि किल्ली राजाकडं. नातीला म्हटलं, तुझ्या पुस्तकातला एन्ट्रेपो हाच. गोव्यात त्या घोड्यानं फक्त पाणी प्यायलं, आणि राजाला ४२ होन मिळाले.

हे गिऱ्हाईकही राजेच. १५४७ साली पोर्तुगीजांनी विजयनगरशी तह केला. गोव्यातले घोडे विजयनगरलाच मिळावेत, आदिलशहाला मिळू नयेत, आणि बदल्यात विजयनगरचा माल पोर्तुगीजांच्या पेढ्या असलेल्या बंदरातूनच बाहेर पडावा. तेव्हा बेळगाव आदिलशहाचा सरदार असद खान लारी याच्याकडं होतं. तो स्वतः मूळचा इराणातल्या लार गावचा. किल्ल्यातली साफा मशीद त्याच्या नावाशी जोडलेली आहे. आपल्या बसदीपासून ती हाकेच्या अंतरावर. आपण दर्शनाला जातो तेव्हा त्या दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यानं चालतो. त्या वेळी तिथं उभं राहणाऱ्याला समुद्राकडं बघताना घोड्यांचीच काळजी असणार.

फ्रेडरिकनं आणखी एक गोष्ट लिहिलीय. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर मोडलं. त्यानंतर गादी बळकावून बसलेल्या राजाला घोडे नव्हते. त्यानं व्यापाऱ्यांना निरोप धाडला, घोडे आणा, चांगला भाव देतो, लुटीत गेलेले आधीच्या राजांचे घोडे आणलेत तर त्यांचेही पैसे देतो. व्यापारी घोडे घेऊन गेले. सगळे घोडे आत घेतल्यावर राजानं त्यांना दमडी न देता वाटेला लावलं.

ही ओळ वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. का, ते पुढं सांगते.

आता तंबाखू. ही वनस्पती आपली नाही. ना पुराणात, ना आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात. अमेरिकेतून ती पोर्तुगीजांच्या जहाजातून आली. दख्खनमध्ये तिचा पहिला ठसठशीत उल्लेख कुठला, तर आपल्या विजापूरचा. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता. परत जाताना त्यानं तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नेली आणि बादशहापुढं ठेवली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. हकिमानं अडवलं, म्हणाला, हे आपल्या ग्रंथात नाही, याची परीक्षा झालेली नाही. १६१७ मध्ये जहांगीरनं तर तंबाखूवर बंदीच घातली. ती किती चालली ते आपण बघतोच आहोत.

तोवर तंबाखूला शेतकरी मिळाला होता. पण गोव्यात तंबाखू विकायचा हक्क राजानं स्वतःकडं ठेवला. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात तंबाखू पिकायचा. तिथल्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबायचे. पाला लिस्बनला जायचा. १६७४ साली तंबाखूचा कारभार बघायला लिस्बनमध्ये राजानं वेगळं मंडळच नेमलं. तिथून तो गोव्याला यायचा आणि मक्त्यानं विकला जायचा. म्हणजे ब्राझीलचा पाला, लिस्बनची वखार, गोव्यातला ओढणारा. त्यातला सगळ्यात हलका पाला काकवी लावून वळायचे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर न्यायचे. तिथं त्याच्या बदल्यात माणसं विकत मिळत. तीच माणसं पुन्हा बाहियाच्या मळ्यात.

इथं मला आपल्या श्रावकाचाराची आठवण झाली. श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे, कर्मादानं, आपण पर्युषणात ऐकतो आणि विसरतो. त्यात विषवाणिज्य आहे, विषारी पदार्थांचा व्यापार. केशवाणिज्य आहे. लहानपणी मला वाटायचं केशवाणिज्य म्हणजे गंगावनं विकणं. नाही. केस असलेल्या जिवांचा व्यापार, म्हणजे जनावरांचा आणि दासदासींचा. घोडा, गुलाम आणि तंबाखू. पोर्तुगालच्या राजानं जे जे मधे उभं राहून विकलं, त्यावर आपल्या आचार्यांनी कधीच बोट ठेवलं होतं. पण बोट दुसऱ्याकडं दाखवून झालं की उरलेली बोटं आपल्याकडं असतात. तंबाखूला विष म्हणायचं, तर निपाणीतल्या आमच्या वखारीला काय म्हणायचं?

गोव्यातले मक्ते घेणारेही सगळे परके नव्हते. जकातीचे आणि करांचे बरेचसे मक्ते हिंदू व्यापारी घेत. राजा लांब लिस्बनमध्ये. दारात वसुलीला येणारा माणूस ओळखीचा. राजाची वखार अशीच चालते. नाव राजाचं, हात आपले.

राजानं व्यापारात हात घालूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. १६७१ सालचं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं. प्रश्न मिठाचा होता. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडायचं, म्हणून व्यापारी तिकडं वळायचे आणि कुडाळचं मीठ पडून राहायचं. महाराजांनी लिहिलं की बारदेशाच्या मिठावर जकात इतकी चढवा की ते महाग पडावं आणि आपल्या मिठाला उठाव यावा. हाही राजाच, हाही बाजारातच उतरला. पण तो मधे उभा राहून दोन्हीकडून पैसे घेत नव्हता. तो आपल्या मिठागरवाल्यामागं उभा होता. राजा बाजारात आला की मी आता एवढंच बघते, तो कुणाच्या अंगानं उभा आहे.

आमच्या लहानपणी गोवा पोर्तुगीजांकडंच होतं. १९५५ मध्ये भारतानं नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी गाडी बंद पडली. गाडी बंद झाली, माल नाही. गोव्याच्या बंदरात परदेशी घड्याळं, नायलॉन, सोनं उतरायचं आणि जंगलातल्या पायवाटांनी घाट चढून वर यायचं. बेळगावातल्या कितीतरी घरांत लग्नात 'गोव्याचं' घड्याळ असायचं. कुणी त्याला चोरी म्हणत नव्हतं. पण तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितलेत, त्यात 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे, राज्याचा नियम मोडून केलेला व्यवहार. सीमेवर राहणाऱ्या माणसासाठीच जणू ते लिहिलंय. त्याच यादीत 'हीनाधिकमानोन्मान' पण आहे. घेताना जास्त आणि देताना कमी मोजणं. हा शब्द लक्षात ठेवा.

१९५६ हे साल आपण सीमाभागातले लोक विसरत नाही. त्या १ नोव्हेंबरला बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत एक सरकारी कंपनी निघाली होती, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन, राज्य व्यापार महामंडळ. तिची गरज का पडली? रशिया आणि पूर्व युरोपातल्या देशांत खासगी व्यापारी नव्हतेच. तिथं सगळा परदेशी व्यापार सरकारी कंपन्या करायच्या. त्यांच्याशी बोलायला आपल्याकडंही सरकारी व्यापारी हवा होता. या देशांशी व्यवहार रुपयांत व्हायचा. त्यांनी आपला चहा, काजू, तंबाखू रुपयांत घ्यायचा, आपण त्यांची यंत्रं घ्यायची. आणि मग तक्रार यायला लागली की त्यातल्या काही देशांच्या कंपन्या आपल्याकडून रुपयांत घेतलेला माल परस्पर तिसऱ्या देशाला डॉलरात विकतात. म्हणजे आपण त्यांना गिऱ्हाईक समजत होतो आणि ते गोव्यासारखे मधे उभे होते! घोड्याची जागा काजूनं घेतली, एवढाच फरक.

आपल्या बायकांना हे महामंडळ नावानं माहीत नसेल, चवीनं माहीत आहे. रेशनच्या रांगेत उभं राहून आपण जे पामोलिन आणलं, ते मलेशियाकडचं तेल बाहेरून आणायचं काम याच सरकारी कंपनीकडं होतं. थंडीत ते डब्यात गोठायचं. सासूबाई म्हणायच्या, "ह्ये कसलं त्याल ग, तुपावानी बसतंय." आणि १९८३ साली वनस्पती तुपात परदेशी चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं, सरकारला चरबीची आयात बंद करावी लागली. त्या दिवसांत आमच्या गल्लीत कितीजणींनी डालड्याचे डबे गटारीत ओतले. सासूबाईंनी तीन दिवस उपास केला. माल लांबून, अनेक हातांतून आला की त्यात काय मिसळलंय ते शेवटच्या चुलीपर्यंत कळत नाही, हे त्या वेळी आम्हाला कुठल्या पुस्तकाशिवाय कळलं.

आता आमच्या वखारीकडं येते. मघाशी पुस्तक मिटून का बसले, तेही.

निपाणीचा तंबाखू विडीचा. सिगारेटचा तो व्हर्जिनिया, आंध्रातला. सरकारनं १९७६ साली गुंटूरला तंबाखू बोर्ड काढलं ते व्हर्जिनियासाठी. विडीच्या तंबाखूला बोर्ड नाही, सरकारी खरेदी नाही. इथं राजा मधे उभा नव्हता, आमच्यासारखी घरं उभी होती. शेतकरी पाला घेऊन यायचा. वखारीत बोद उतरायचे. भाव काय, ते तेव्हा ठरायचंच असं नाही. पैसे कधी, तेही नाही. तंबाखू चाळून, जर्दा करून, दूरदूरच्या विडी कारखान्यांना जायचा, तिकडून पैसे यायचे, मग शेतकऱ्याला. तोवर त्यानं वाट बघायची.

माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीपासून जवळच्याच एका खेड्यात दिली होती. शेतकरी घर, आपल्याच समाजातलं. त्यांचा तंबाखू आमच्याच वखारीत यायचा. माहेरच्या नात्यात आम्ही दोघी बहिणी, आणि व्यवहारात ती देणारी, मी घेणाऱ्याच्या घरातली. १९८० च्या पावसाळ्यात आक्का आली. मागच्या दारानं, स्वयंपाकघरात. दाजींनी तिला धाडलं नव्हतं, ती आपणहून आली होती. धाकट्या मुलाचं ऑपरेशन करायचं होतं. "मामंजींना जरा इचार की ग. आमचेच पैसे हाईत." मी घाबरत मामंजींना विचारलं. ते वाईट नव्हते. रोज पूजा, अष्टमी-चतुर्दशीला एकभुक्त. ते म्हणाले, "दिवाळीला बघू. सगळ्यांचंच ऱ्हायलंय." मी माझ्या पाटल्यांतली एक काढून आक्काला दिली. तिनं घेतली. मला वाटलं, मी मोठं काम केलं. तिच्याच पैशातली पाटली तिला दिली होती, हे कळायला मला आणखी काही महिने लागले.

१९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी पुणे-बेंगलोर रस्त्यावर येऊन बसले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि निपाणीतले प्रा. सुभाष जोशी पुढं होते. प्रा. जोशींनी त्याआधी तंबाखू आणि विडी कामगार बायकांचीही संघटना बांधली होती. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसणाऱ्या त्या बायकांवर युगांतर गटानं पुढं एक बोलपट काढला, 'तंबाखू चाकिला ऊब आली'. १४ मार्चपासून २३ दिवस रस्ता अडला होता. हजारो माणसं, बैलगाड्या, पोरंबाळं, रस्त्यावरच चुली. आक्का तिथं होती. मी बंद दाराआड. गावातल्या व्यापाऱ्यांच्या घरांत तेव्हा खिडक्याही लावून घेतल्या होत्या. सासूबाईंनी एका दुपारी भाकरी थापल्या, नेहमीपेक्षा चौपट. कुणासाठी ते बोलल्या नाहीत. चाळणीवरच्या एका बाईच्या हातात टोपली दिली आणि म्हणाल्या, "माझं नाव सांगू नको."

६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी मेले. संध्याकाळी आक्काचा निरोप आला, दाजी घरी आलेत, पायात चपला नाहीत, बाकी बरं आहे. त्या रात्री मामंजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी वखार उघडली.

घोडे आत घेऊन दमडी न देणाऱ्या राजाची गोष्ट वाचून मी का थांबले, ते आता कळलं असेल. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या राजावर रागवायला मला एक क्षण लागला नसता. पण त्याच्या जागी मला आमचा ओटा दिसला.

आंदोलनातल्या लोकांचं गाऱ्हाणं भावाचं होतं. व्यापारी नको, सरकारनं किंवा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं मधे उभं राहावं, असंही तेव्हा खूपजण बोलायचे. आता या वयात मला त्याचं सोपं उत्तर देता येत नाही. पोर्तुगालचा राजा मधे उभा होता, त्यानं बाहियातल्या गुलामाला काही दिलं नाही. दिल्लीच्या महामंडळानं गरिबाच्या चुलीपर्यंत तेल पोचवलं, हे मी स्वतः रांगेत उभी राहून बघितलंय. तेही महामंडळ आता धंदा बंद करून बसलंय. महाराजांनी मिठागरवाला बघितला. म्हणजे वखार राजाची की सावकाराची, एवढ्यावर भागत नाही. वही कोण लिहितं, आणि त्या वहीत कुणाचं नाव येतं, ते बघावं लागतं. आमच्या वहीत शेतकऱ्याचं नाव होतं, उशिरा का होईना. चाळणीवरच्या बाईच्या नावापुढं हजेरीच्या रेघा होत्या. तिच्या खोकल्याला खातं नव्हतं. काझा द इंडियाच्या वह्या १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात नष्ट झाल्या. त्या राहिल्या असत्या तरी बाहियातल्या बाईचा खोकला त्यात सापडला नसता.

मामंजी गेल्यावर माझ्या यजमानांनी वखार हळूहळू बंद केली. आता तिथं फरशीचं गोडाऊन आहे, भाड्यानं. माळ्यावरच्या वह्या वाळवीनं खायच्या आधी मी खाली काढल्या, नातीला दाखवायला म्हणून. त्यात १९८० च्या वहीत दाजींचं नाव सापडलं. दर बोदामागं दोन किलो 'घट' कापलेली. सगळ्यांचीच कापलेली, पेठेत तसाच रिवाज होता. मी पेन्सिल घेऊन बसले आणि त्या एका वर्षाची बेरीज केली. हीनाधिकमानोन्मान. माझ्या घरातला, माझ्या बहिणीच्या शेतातला.

ती वही घेऊन मी आक्काकडं गेले. ती आता ऐंशीला आलीय, दिसत कमी. मी बेरीज वाचून दाखवली. ती हसली. म्हणाली, "आता कशाला सांगतीस ग? मला तवाच ठावं हुतं. ह्येंनी घरातनं निघताना मोजून आणल्यालं असायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तू तिथं नांदत हुतीस."

मी गप्प बसले. नात बाजूलाच होती. तिनं वही माझ्या हातातून घेतली आणि त्या पानाचा फोटो काढला. पुढच्या पर्युषणात क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो, मोबाईलवर फुलं पाठवतो. यंदा मी बेरजेचे पैसे पाकिटात घालून घेऊन जाणार आहे. आक्का घेणार नाही, मला माहीत आहे. पण या वेळी ते कुणाचे पैसे आहेत, हे मी दारातच सांगणार आहे, पुढच्या दारानं जाऊन.